वेळ सापडते, अवधान सापडत नाही

आपल्या समाजाला वेळेचे महत्त्व बाहेरच्या कोणी येऊन शिकवावे, अशी परिस्थिती कधीच नव्हती. नांदेडचा मोंढा असो वा लातूरच्या गंजगोलाईचा परिसर, आपल्या दुकानांची कुलुपे ठरल्या वेळी उघडतात, देण्याचा वायदा सहसा चुकत नाही, आणि अनेक घरांत आजही सूर्यास्तापूर्वी भोजन उरकलेले असते. तरीही गेल्या काही वर्षांत समाजाच्या मेळाव्यांतून ‘वेळेचे व्यवस्थापन’ या विषयावरील व्याख्याने वाढली आहेत. वक्ते येतात, दिवसाच्या चोवीस तासांचे रकाने पडद्यावर मांडतात, कामांची प्रतवारी लावून देतात. श्रोते वहीत लिहून घेतात, टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी तितकेच थकून घरी येतात. अशी पाच-सहा व्याख्याने मी स्वतः ऐकली. वक्त्यांच्या विद्वत्तेविषयी पूर्ण आदर बाळगून मला असे नमूद करावेसे वाटते की, ही व्याख्याने ज्या दुखण्यावर औषध देतात ते दुखणे आपल्याला झालेलेच नाही.

वेळ हे एक विलक्षण खाते आहे. त्यात रोज प्रत्येकाच्या नावे तीस मुहूर्त, म्हणजे चोवीस तास, जमा होतात. रात्री शिल्लक शून्य होते आणि काहीही पुढे ओढता येत नाही. कोट्यधीशाला एक घटका अधिक मिळत नाही व हमालाला कमी मिळत नाही. ज्या खात्यात जमा आपल्या हाती नाही आणि शिल्लकही उरत नाही, त्याचे व्यवस्थापन ते काय करणार? आपल्या हाती एकच गोष्ट असते. त्या वेळात आपले मन कोठे असावे, हे आपण ठरवू शकतो. त्यालाच जुन्या भाषेत अवधान म्हणत. आज आपल्या पेढ्यांत, घरांत आणि मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर तुटवडा आहे तो या अवधानाचा.

या गोष्टीचा पहिला पाठ मला बँकेच्या लेजरांनी दिला. मी नोकरीत आलो त्या काळी संगणक नव्हते. बचत खात्यांची जाडजूड लेजरे हाताने लिहिली जात आणि ठरावीक मुदतीने सर्व खात्यांच्या शिलकीची बेरीज जनरल लेजरशी जुळवावी लागे. ती पहिल्या फेरीत जुळली तर शाखेत चहा येई. बहुधा जुळत नसे. मग फरक शोधण्याचे काम सुरू होई आणि त्याचे काही जुने आडाखे होते. फरकाला नऊने भाग गेला तर कोणीतरी लगतच्या दोन अंकांची अदलाबदल केली आहे असे समजावे. ४,५३० ऐवजी ५,४३० लिहिले गेले की फरक ९०० येतो. फरक सम असेल तर त्याचे अर्धे करून ती रक्कम शोधावी. जमेची नोंद नावे पडलेली असू शकते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नियम ठाऊक असतील. पण त्या नियमांमागे जे दडलेले आहे ते पुस्तकात लिहिलेले नसते. अंकांची अदलाबदल अज्ञानामुळे होत नाही, कारण ४,५३० कसे लिहावे हे प्रत्येक लिपिकाला येत असते. ती वेळ कमी पडल्यामुळेही सहसा होत नाही. हात लिहीत असताना मन क्षणभर दुसरीकडे गेले, एवढेच त्या नऊच्या पाढ्याचे म्हणणे असते.

पुढे अधिकारी झाल्यावर सहकाऱ्यांच्या अशा चुका शोधताना, त्या कोणत्या दिवशीच्या आहेत हे पाहण्याचा मला नाद लागला. पगाराच्या दिवशी काउंटरवर रांगा लागत, श्वास घ्यायला फुरसत नसे, म्हणून त्या तारखांना चुका अधिक असतील असा माझा कयास होता. प्रत्यक्षात त्या दिवशीची पाने बऱ्यापैकी स्वच्छ निघत. चुका सापडत त्या सैल दिवसांच्या: दुपारचे तीन वाजलेले, काउंटरवर ओळखीचा माणूस आलेला, नोंद अर्धी टाकून त्याच्याशी दोन शब्द बोलणे झालेले आणि मग पुन्हा लेखणी उचललेली. हे एका माणसाचे निरीक्षण आहे, त्याला संशोधन म्हणता येणार नाही. परंतु निवृत्तीनंतर वाचनात आले की, सोफी लेरॉय या अमेरिकेतील अभ्यासक महिलेने २००९ मध्ये नेमका हाच विषय हाताळला होता. एक काम अपुरे ठेवून दुसऱ्याकडे वळले की मनाचा काही अंश मागच्याच कामात रेंगाळत राहतो आणि पुढचे काम त्या प्रमाणात निकृष्ट होते, असा तिचा निष्कर्ष. आमच्या शाखेतील वयोवृद्ध हेडकॅशियर हेच कमी शब्दांत सांगत असत. नोटा मोजताना कोणी हाक मारली तर ते उत्तर देत नसत. आणि चुकून दिलेच, तर ते बंडल पहिल्या नोटेपासून पुन्हा मोजत.

आता मोंढ्याकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू झाली की अडत दुकानांत उसंत नसते. माल पाहणे ही पूर्वीपासून एक विद्याच आहे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर पसरायचे, एखादा दाताखाली फोडायचा. ओल किती, माती किती, काडीकचरा किती, डागी दाणा किती, हे दहा-पंधरा सेकंदांत ठरते. हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा बारा टक्के असते. २०२४ च्या हंगामात ती केंद्राने पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली होती. बारा आणि पंधरा यांतील भेद हाताला कळणे हे ज्याचे हात व मन एका ठिकाणी आहेत त्यालाच साधते. यंत्र आले आहे, हे खरे. पण यंत्रात कोणता दाणा टाकायचा हे ठरवायला पुन्हा माणूसच लागतो.

पूर्वी इंदूरचा भाव ट्रंक कॉलने येई. फोन लागायला तास-दोन तास लागत. तोवर मनात दुसरा भाव नसे. आज एका खिशात दोन मोबाइल आणि त्यांत पंचवीस ग्रूप. भाव, भावाची अफवा, अफवेचे खंडन, कोणाच्या तरी वाढदिवसाचे पुष्पगुच्छ आणि ‘सुप्रभात’, सर्व एकाच घंटीने येते. हर्बर्ट सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी १९७१ मध्येच सांगून ठेवले होते की, माहिती काहीतरी खाऊन जगते आणि ती खाते ते माणसाचे लक्ष. म्हणून जेथे माहितीची समृद्धी, तेथे लक्षाचे दारिद्र्य. मी पदव्युत्तर शिक्षण घेत होतो तेव्हा हे नाव केवळ व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकेपुरते वाचले होते. पडद्यावर काम करणाऱ्या लोकांचे ग्लोरिया मार्क यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण केले. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे स्थिर राहत असे. अलीकडच्या काळात ते प्रमाण सत्तेचाळीस सेकंदांवर आले, असे त्यांनी २०२३ च्या आपल्या पुस्तकात नोंदविले आहे. ते आकडे कार्यालयांतील लोकांचे आहेत. आपल्या गादीवर कोणी घड्याळ लावून बसलेले नाही. लावले तर काय दिसेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

यातला तोटा कोठे होतो, याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडलेले आहे. एका अडत दुकानात एक वयस्क शेतकरी पट्टी घ्यायला आला होता. त्याने शेठजींना विनंती केली की, या वेळी उचलीची रक्कम पूर्ण कापू नका, मुलीचे लग्न तोंडावर आहे, निम्मी उन्हाळ्यात कापा. शेठजी मोबाइलवर बोट फिरवत “हो, हो, करू ना” म्हणाले. मुनीमजींनी पट्टी आणून दिली. त्यात उचल संपूर्ण कापलेली. म्हातारा ती पट्टी बराच वेळ पाहत राहिला, घडी करून खिशात घातली, राम राम केला आणि निघून गेला. भांडला नाही. पुढच्या खेपेपासून त्याचा माल शेजारच्या दुकानात उतरू लागला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या भावकीचाही. शेठजी मला म्हणत होते, “आजकाल शेतकरी टिकत नाहीत हो, पाच रुपयांसाठी दुकान बदलतात.” शेठजींनी त्या दिवशी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत काम केले होते. वेळेच्या व्यवस्थापनात त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

याच संदर्भात आपल्याच परंपरेतील एका व्यापाऱ्याचे स्मरण होते. श्रीमद् राजचंद्र, जन्म १८६७, हे मुंबईत जवाहिराचा व्यापार करीत. १८८७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी मुंबईत शतावधानाचा जाहीर प्रयोग केला. शतावधानात निरनिराळे लोक निरनिराळ्या गोष्टी पुढे टाकत असतात. कोणी अनोळखी भाषेतील वाक्याचे शब्द उलटसुलट क्रमाने सांगतो, कोणी मध्येच घंटेचे ठोके देतो, कोणी दिलेल्या विषयावर पद्य मागतो. आणि शेवटी सर्व काही बिनचूक परत सांगावयाचे असते. वरकरणी पाहता हे एकाच वेळी शंभर कामे करण्याचे कौशल्य वाटते. माझ्या मते ते त्याच्या अगदी उलट आहे. प्रत्येक गोष्ट तिच्या पाळीला आली असता मन संपूर्णपणे तिच्यापाशी असेल, तरच ती नंतर जशीच्या तशी सापडेल. विशेष म्हणजे या प्रयोगांनी कीर्ती मिळत असतानाच त्यांनी ते सोडून दिले, कारण आत्मचिंतनाच्या मार्गात ही प्रसिद्धी अडथळा आहे असे त्यांना वाटले.

महात्मा गांधी १८९१ मध्ये विलायतेहून परतले तेव्हा त्यांची श्रीमदांशी भेट झाली. आत्मकथेत गांधीजींनी त्यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. लाखोंचे सौदे करणारा, हिरे-मोत्यांची अचूक पारख असणारा हा माणूस. त्याच्या व्यवहाराच्या बैठकीवर एखादा धर्मग्रंथ आणि रोजनिशी ठेवलेली असायची, आणि सौद्याचे बोलणे संपताक्षणी ती उघडली जायची, असे वर्णन त्यात येते. मला या वर्णनात ग्रंथापेक्षा ‘सौदा संपताक्षणी’ हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. सौदा चालू असताना ग्रंथ मिटलेला होता.

लातूरचे नाव आज महाराष्ट्रभर शिक्षणामुळे घेतले जाते. राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतील प्राध्यापकांनी जो पाया घातला, त्यावर पुढे ‘लातूर पॅटर्न’ उभा राहिला. सराव परीक्षा, पुन्हा सराव परीक्षा आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेची चिकित्सा, हे त्याचे मर्म. त्यातली चिकित्सा आता मागे पडली आणि तास पुढे आले, अशी माझी तक्रार आहे. उदगीर, अहमदपूर, देगलूर अशा गावांतील आपल्या किती तरी कुटुंबांत आज असे चित्र दिसते: आई मुलाला घेऊन लातुरात वा नांदेडात भाड्याच्या खोलीत राहते, वडील गावी दुकान सांभाळतात, आणि रात्री व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न येतो, “आज किती तास झाले?”

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचे गणित पाहा. १८० प्रश्न, १८० मिनिटे, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. म्हणजे प्रश्नाला सरासरी एक मिनिट. माझ्या परिचयातील एका मुलाच्या खोलीत भिंतीवर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे वेळापत्रक होते आणि तो ते पाळतही असे. तरी सराव परीक्षांतील गुण चार महिने एकाच जागी थिजलेले. वडिलांचा विचार होता की अभ्यास आणखी दोन तास वाढवावा. सुदैवाने त्याचे एक जुन्या पठडीतले शिक्षक होते. त्यांनी मागच्या पाच परीक्षांतील चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करायला लावले: जे येतच नव्हते ते, जे येत होते पण आठवले नाहीत ते, आणि जे येत होते, आठवतही होते, पण प्रश्नच नीट वाचला नव्हता ते. ‘पुढीलपैकी अयोग्य विधान कोणते’ यातला ‘अ’ सुटलेला. तिसरा ढीग सर्वांत मोठा निघाला. दोन तास अधिक बसून तो ढीग लहान झाला नसता, वाढला असता.

त्यांनी उलट तास कमी केले. पाऊण तासाची एक बैठक, मग दहा मिनिटे खोलीबाहेर. बैठकीत एकच विषय. फोन आईच्या कपाटात. फोन बंद करून टेबलावर ठेवला तर चालेल का, असे मुलाने विचारले होते. टेक्सास विद्यापीठातील अॅड्रियन वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१७ चा एक प्रयोग या बाबतीत सांगितला जातो. ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते, त्यांची आकलनाच्या चाचण्यांतील कामगिरी फोन समोर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगली होती. पुढे इतरांनी केलेल्या सर्वच प्रयोगांत तितका फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण आईचे कपाट फुकट आहे आणि त्यापासून अपाय काही नाही. त्या मुलाचे गुण पुढील तीन महिन्यांत वाढले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासाठी पुरेसे वाढले नाहीत, आणि तो आता औषधनिर्माणशास्त्र शिकतो आहे. वडील अजून थोडे नाराज असतात. मुलगा मात्र घरी आल्यावर माणसांशी बोलतो, जेवताना ताटाकडे पाहतो. त्याची आई मला हे दोनदा सांगून गेली.

फसवणुकीविषयी थोडक्यात, कारण निवृत्त बँकवाल्याने लेख लिहावा आणि हा विषय टाळावा, हे वाचकांना पटणार नाही. पोलीस वा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल करून ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगणारे लोक आधी तुमचे अवधान ताब्यात घेतात, पैसे नंतर. फोन ठेवू देत नाहीत, घरच्यांशी बोलू देत नाहीत, विचाराला उसंत देत नाहीत. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. तसेच यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन मागितला याचा अर्थ पैसे जाणार आहेत. घरातील ज्येष्ठांना एकच नियम सांगून ठेवावा: कानाला फोन असताना कोणताही व्यवहार करावयाचा नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात, यामागे हाच विचार आहे. आणि घात झालाच, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आता एक शंका. अवधान, एकाग्रता हे शब्द ऐकले की आपण लगेच मान डोलावतो, जणू एकाग्र होणे हे स्वतःच पुण्य आहे. आपल्या आचार्यांनी इतका भोळा विचार केलेला नाही. ध्यानाचे चार प्रकार सांगताना त्यांनी आर्त आणि रौद्र ही दोन ध्यानेही त्यातच मोजली. बाजार पडला म्हणून रात्री दोन वाजता छताकडे पाहत पडलेला माणूस विलक्षण एकाग्र असतो. भावकीतल्या वाटणीचा कागद मनात शंभरदा वाचणाराही एकाग्रच असतो. तेव्हा मन स्थिर झाले एवढ्याने भागत नाही. ते कशावर स्थिरावले, याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आणखी एक व्यवहारी गोष्ट तत्त्वार्थसूत्रात आहे. उत्तम शरीरबळ असणाऱ्याचेही चित्त एका विषयावर अंतर्मुहूर्तापर्यंतच, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आतच, टिकते असे तेथे मानले आहे. सामायिकाचा काळही एक मुहूर्ताचाच. बारा-बारा तास एकाग्र राहण्याची अपेक्षा मुलांकडून करणाऱ्या पालकांनी ही मर्यादा ध्यानात घ्यावी. उत्तराध्ययनाच्या दहाव्या अध्ययनात भगवंत गौतमांना पुन्हा पुन्हा बजावतात ते समयमात्रही प्रमाद न करण्याविषयी. ‘समय’ हा काळाचा सर्वांत सूक्ष्म, पुन्हा न विभागता येणारा अंश. इतक्या सूक्ष्म अंशाचे वेळापत्रक कोणालाच करता येणार नाही. तेथे जागे राहता येते, एवढेच.

मोबाइल फेकून द्या असे सांगणारे सज्जन मला कधी पटले नाहीत. जीएसटीचे विवरण, ई-वे बिल, बँकेचा ओटीपी, सर्व त्याच डब्यात असताना तो फेकून दुकान चालणार कसे? पण काही घरांनी आपापल्या सोयीने मार्ग काढलेले दिसतात. लातुरातील एका कुटुंबात सायंकाळच्या भोजनाच्या वेळी सर्वांचे फोन देवघराबाहेरच्या कोनाड्यात राहतात, आजोबांचासुद्धा. आणि नियम मोडणारे बहुधा आजोबाच असतात, असे नातवंडे सांगतात. दुसऱ्या एका ठिकाणी सुनेने घरच्या ग्रूपची घंटी कायमची बंद केली आणि सासूबाईंना सांगितले की, तातडीचे असेल तर सरळ फोन करा. आरंभी थोडी कुरबूर झाली. आता त्या खरोखरच फोन करतात आणि दोघी पाच-दहा मिनिटे बोलतात.

नांदेडच्या नव्या मोंढ्यातील माझ्या एका स्नेह्यांनी मात्र जुन्या रोजमेळाचाच आधार घेतला. दिवेलागणीला रोजमेळ मांडायला बसले की सिलक जुळेपर्यंत ते फोन घेत नाहीत. फोन मुनीमजींकडे असतो. ते उचलतात, नाव आणि काम एका कागदावर टिपतात. पहिल्या महिन्यात त्या कागदावर रोज वीस-बावीस नावे येत. स्नेही सिलक जुळल्यावर एकेकाला परत फोन करीत, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांकडून “अहो, काही नाही, सहज केला होता” किंवा “ते काम झाले तेव्हाच” असे उत्तर येई. आता मुनीमजींना तो एक कागद आठवडाभर पुरतो.